घंटी कुणाच्या फोनवर

सोमवार, ३ तारीख

नऊ महिने पोटात मी वागवली, पंधरा वर्षं तिच्या मागे मी धावतेय, आणि घंटी वाजणार कुणाच्या फोनवर? तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेच्या. मी दोन नंबरला. धाकटीने फोन उचलला नाही, तर मग मला कळणार, की बाई, तुझ्या मुलीचं डोकं फिरायला लागलंय, जमलं तर बघ. आईला कुणी असं राखीव खेळाडूसारखं बाकावर बसवतं होय?

झालं काय ते नीट लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. घरात बोलायची सोय नाही. मी बोलले की आवाज चढतो, आवाज चढला की ठमी कान दाबून खाली बसते. शाळा मी चौथीत सोडली, पण मनातली मळमळ उतरवण्याइतकी अक्षरं येतात.

ठमी म्हणजे माझी मुलगी. एकदा बसली की हत्ती लावून ओढली तरी हलत नाही, म्हणून तिच्या बापाने ठमी नाव पाडलं. तिला ऑटिझम आहे. बोलते कमी, पण कळतं सगळं. आवाज सोसत नाही. मागच्या महिन्यात शाळेत कुणीतरी बाकं ओढली, तर ही भिंतीवर डोकं आपटत राहिली आणि मग सरळ फाटकाबाहेर, गाड्यांच्या रस्त्यावर. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, आधी कळेल अशी काही सोय करा, नाहीतर घरी ठेवा. म्हणून ठमीसारख्या मुलांसाठीच्या केंद्रातून हे घड्याळ आलं. घड्याळ म्हणायचं, पण वेळ दाखवत नाही. नाडी बघतं, घाम बघतं, आणि अंगात वादळ चढायला लागलं की आधीच फोनवर घंटी देतं. शाळेत वर्गाच्या बाईंना आणि शिवाय घरच्या एका माणसाला. ठमीच्या वयाच्या मुलांना ते अंगावर सोसतं का, रोजच्या वापरात जमतं का, हे बघायला काही घरांत देताहेत. जे रोज ठरलेला वेळ घालतील त्यांच्याकडे राहणार, बाकीच्यांकडून परत नेणार. रांगेत पुष्कळ आहेत म्हणे.

केंद्रातली जी पोरगी ते घेऊन आली, तिचं नाव मी घड्याळबाई ठेवलंय. लोण्यासारखी बोलते. तिने टेबलावर तीन फोटो मांडले. माझा, ठमीच्या बापाचा, धाकटीचा. ठमीला विचारलं, डोकं गरगरलं की आधी कुणी यायला हवं? ठमीने धाकटीच्या फोटोवर बोट ठेवलं. मी म्हटलं, फोटो नीट मांडले नाहीस, तो तिच्या उजव्या हाताशी होता. पुन्हा मांडले. पुन्हा तेच. मग माझा फोटो उचलून तिने धाकटीच्या खाली ठेवला, कडेला कड जुळवून.

धाकटीला वरून बोलावून तिच्या फोनमध्ये ते घातलं. तिचे डोळे भरून आले. भरणारच. स्वतःचा मुलगा आहे, हुशार, परगावी शिकतो, रोज आईला फोन करतो. तेवढं पुरलं नाही, आता माझी पण हवी.

गुरुवार, ६ तारीख

माझी कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीची नोकरी. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. संध्याकाळशिवाय सुटका नाही. म्हणून शाळा सुटल्यावर ठमीला धाकटी घेऊन जाते, तिच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे ही मशीनशेजारी स्टुलावर बसते आणि आतून येणारा गरम कागद गालाला लावते. एवढंच करते. तासन् तास. धाकटी गप्प बसून छापत असते. याला काय सांभाळणं म्हणतात का? मी अंघोळ घालते, केस विंचरते, नखं कापते, आणि त्या प्रत्येक कामात तिच्या किंकाळ्या खाते. सगळी कडू औषधं माझ्या हातून आणि गोळ्या-बिस्किटं धाकटीच्या हातून. मग बोट कुणावर पडणार? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं सगळ्यांनाच जमतं.

घड्याळाचं म्हणाल तर ते कुणा बिनकातडीच्या माणसाने केलेलं दिसतंय. रबरी पट्टा. घाम आला की आत चिकटतो, मनगटावर लाल चट्टा उठलाय. मध्येच थरथरतं, ठमी प्रत्येक वेळी दचकते. म्हणजे शांत ठेवायला आणलेली वस्तू दचकवून जागं ठेवणार. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकतो, तो तिला मांडीखाली हात दाबून झाकावा लागतो. आणि दर संध्याकाळी काढून चार्जिंगला लावायचं, तेव्हा एकदा रडारड, परत घालताना दुसऱ्यांदा.

तरी शाळेत घालते पोरगी. दात आवळून घालते. तिला शाळा हवी आहे, ते मला कळतं. पण घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की पहिलं काम, ते ओरबाडून काढायचं आणि फेकायचं.

शनिवार, ८ तारीख

पट्टा टोचतो ना, मग मी काल सुट्टीनंतर बसून त्याला मऊ सुती खोळ शिवली. जुन्या अभ्र्याची, धुऊन धुऊन लोणी झालेली. आतून शिवण येऊ दिली नाही. ठमीने घातली, हात वर करून बघितला, काढली नाही. मी मुद्दाम वर जाऊन धाकटीला दाखवून आले. म्हटलं, बघ, आईला कळतं काय टोचतं ते.

आज घड्याळबाईचा फोन. कालपासून काहीच दिसत नाहीये काकू, घड्याळ काढून ठेवलंय का? तर त्याचं पोट कातडीला टेकावं लागतं म्हणे. खोळ मध्ये आली की त्याला वाटतं माणूसच नाही. म्हणजे माझी मुलगी सुखात होती तेवढा वेळ ती यांच्या हिशेबी नव्हतीच.

खोळ काढली. ठमीने ती उशीखाली ठेवून दिली.

शिवाय घड्याळबाईने मऊ आवाजात सांगितलं, की संध्याकाळचे तास कोरे पडताहेत, असे कोरे पडले तर घड्याळ परत न्यावं लागेल. घड्याळ गेलं की शाळा गेली. आणि संध्याकाळी ठमी ते हाताला लावू देत नाही. मारून घालू? बांधून घालू?

बराच वेळ ते हातात धरून बसले होते. मग माझ्याच मनगटाला बांधलं आणि बाही खाली ओढली. कातडी ती कातडी. त्या डबीला काय कळतंय कुणाची.

मंगळवार, ११ तारीख

धाकटी ठमीला घेऊन दुकानातून आली, दारातच दोघींचं काहीतरी चाललं होतं. ठमीच्या गालावर कागदाची धूळ, धाकटी पदराने पुसतेय, आणि ठमी पुसू देतेय. मी टॉवेल हातात घेतला तरी जी पळते, ती उभी राहून पुसून घेतेय. धाकटी वर गेली.

ठमीने घड्याळ काढून फेकलं. मी उचलून माझ्या हाताला बांधलं आणि भांडी घासायला घेतली. पाच-दहा मिनिटं झाली असतील, तर धाकटी धाडधाड जिना उतरून खाली. हाताला पीठ, पायात चप्पल नाही. घंटी वाजली ताई, ठमी कुठंय, काय झालं?

ठमी जमिनीवर बसून कागद एकावर एक रचत होती. देवासारखी शांत. धाकटी तिच्याकडे बघतेय, फोनकडे बघतेय. मी हात फडक्याखाली घातला आणि सांगितलं, घड्याळ तिच्या पायाला बांधलंय, पायजम्याच्या आत, हाताला नको म्हणते. धाकटी म्हणाली, आतून काहीतरी होत असेल हो तिला, वरून दिसत नाही. आणि बसली तिच्याशेजारी. फोन आणखी वाजला. ती जवळ सरकली. अजून वाजला.

डबी खोटारडी आहे. मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत. भांडी घासताना हात जोरात चालतो माझा, त्यानेच असेल.

शुक्रवार, १४ तारीख

रोजचंच झालंय. मी घड्याळ बांधलं की थोड्या वेळाने धाकटी खाली. परवा वरच्या मजल्यावरून नुसतं तिचं हसणं ऐकू आलं, मुलाशी फोनवर बोलत होती, तेवढ्यातच तिचा फोन वाजला आणि ती हसणं अर्धं टाकून आली. मी मुद्दाम बसून बघितलं, काही न करता, हात मांडीवर ठेवून. तरी वाजलं. बिघडलेलंच आहे ते.

धाकटी आली की तिची ती गप्प बैठक. ती आणि ठमी पाठीला पाठ लावून बसतात. मी आपली शेगडीशी. माझ्याच घरात मला पाव्हण्यासारखं वाटतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुमच्या भावजयीला स्वतःचं घर नाही का? हे टेम्पो चालवून थकून आलेले, म्हणाले, अगं ती मदत करते, तुला त्याचाही त्रास? म्हणजे वाईट मीच.

पण एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तेवढीच माझी आहे. आता ठमी घड्याळ फेकत नाही. घरी आल्यावर हातातून काढते, थेट माझ्याकडे येते आणि माझ्या मनगटाला स्वतः बांधते. पट्ट्याचं टोक नीट आत खोचते. मग दाराकडे तोंड करून शहाण्यासारखी बसून राहते. आईला मदत करावी एवढं तिला कळायला लागलंय. धाकटीच्या हातात तिने आजवर आपण होऊन काय दिलंय? कागदसुद्धा नाही.

सोमवार, १७ तारीख

आज केंद्रात बोलावलं होतं. मी, हे आणि धाकटी. ठमी बाहेरच्या खोलीत.

घड्याळबाईने भिंतीवर मोठ्या पडद्यावर रेघा दाखवल्या. शाळेतल्या रेघा बुटक्या, मध्येच एखादा उंचवटा, तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी तिला शांत खोलीत नेलेलं, की परत खाली. बरं चाललंय म्हणाली. दुपारी दुकानात तर अगदी सपाट, कारण, ती म्हणाली, तेव्हा बहुतेक मशीनच्या उबेत गुंगी येत असेल. आणि मग संध्याकाळ. बाप रे. सुळकेच सुळके. रोज. धाकटी खाली यायच्या वेळा तिने विचारून घेतल्या आणि बोट फिरवत दाखवलं, की हा जो सगळ्यात उंच आहे तो बरोबर काकू, म्हणजे धाकटी, खाली आल्यावर. रोज काकू आल्या की वाढतंय, गेल्या की उतरतंय. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, असं होतं कधीकधी, मुलांना सांगता येत नाही, पण एखाद्या माणसाच्या जवळ असण्याचाच ताण येतो. तर सध्या काकूंनी लांब राहावं. दुकानही काही दिवस नको. आणि घंटी आता आईच्या फोनवर देऊ.

मी काय बोलणार? मशीनने सांगितलं. शिकलेल्या माणसाने सांगितलं. फोटोवर बोट ठेवलं तेव्हा मी म्हणालेच होते, चुकतंय म्हणून.

धाकटीने आपला फोन काढून घड्याळबाईच्या पुढ्यात ठेवला, म्हणाली, काढून टाका यातलं. ह्यांनी येताना टेम्पोत तिला विचारलं, तू ठीक आहेस ना? तर म्हणाली, मला कळलं कसं नाही हो भावजी, मला वाटायचं मी आले की ती निवते.

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाईट वाटलं असं कुणी म्हणू नये. एवढी वर्षं मला वाटलंच ना, तेव्हा कोण विचारायला आलं?

फोनमध्ये आता माझं नाव वर आहे. एक नंबर.

बुधवार, १९ तारीख

मुकादमाला सांगून ठमीला शाळेतून थेट कारखान्यावर नेलं. मी मनात म्हटलं, हिला गरम कागद आवडतो ना, मग माझ्याकडे गरम चादरींचे डोंगर आहेत. कागदापेक्षा मऊ. धाकटीने बघावं एकदा. घडीच्या टेबलामागे तिला खुर्ची दिली, नुकत्या निघालेल्या चादरीची चौघडी मांडीवर ठेवली. तिने गाल लावला. मला इतकं बरं वाटलं की मी पाठ फिरवून इस्त्रीच्या रुळाशी गेले.

मग पिळणारी मोठी मशीन सुरू झाली. ती सुरू झाली की जमीन थरथरते, आम्हाला सवयीने कळतही नाही. मी चादरी सरकवत होते. कुणीतरी माझा खांदा धरून ओढला तेव्हा मी मागे बघितलं. मुकादम हातवारे करत होता. ठमी टेबलाखाली होती, डोकं टेबलाच्या पायावर, एका लयीत. कपाळ फुटलं होतं.

फोन माझ्या कमरेला होता. सात वेळा वाजून गेला होता. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येईल? धाकटीला तरी आलं असतं का? तिच्या दुकानात चिडीचूप असतं, तिला काय जातंय.

मुकादम म्हणाला, उद्यापासून नको आणूस. आणणार नव्हतेच. मोठा आला शहाणा. पहाटेची पाळी मागून घेतली, म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला मी मोकळी.

शनिवार, २२ तारीख

तीन दिवस दुपारी मी घरी आहे. आता तरी माझ्याशी बसेल म्हणून मी सगळं बाजूला ठेवून तिच्याजवळ बसते. ती उठून जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसते. जेवण निम्मं. काल शाळेत तिने पट्टा चावून अर्धा तोडला. मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं, घड्याळ लागल्यापासून चांगली होती, मग याच आठवड्यात काय बिघडलं? मी म्हटलं, हवा बदललीय. त्या म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी बसून ठरवू, तिला इथे ठेवायचं की नाही.

घड्याळबाईच्या त्या निकालावर मी परवा ह्यांना एक म्हण ऐकवली होती, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. रबराच्या पट्ट्याचं दुखणं, आणि उगाच भलतीकडे उपचार, असं मला म्हणायचं होतं. हे ताट उचलून उठले. कशाचं वाईट वाटलं देव जाणे.

आजचं लिहायचं तर पेन टेकत नाही. तरी लिहिते.

संध्याकाळ झाली. ठमी पायरीवरून उठली, ते चावलेलं घड्याळ आणलं आणि माझ्या मनगटाला बांधलं. टोक तुटलेलं, आत खोचता येईना, तर तिने माझ्या बांगडीखाली सरकवलं. मग नेहमीसारखी दाराकडे तोंड करून बसली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. वर धाकटीच्या चालण्याचा आवाज आला. घंटी वाजली. माझ्याच कमरेला. घड्याळ माझ्या हाताला, फोन माझ्या कमरेला, आणि घंटी मला.

ठमीने मान वळवून जिन्याकडे बघितलं. कुणी आलं नाही. तिने परत येऊन माझ्या हातावरचं घड्याळ सोडलं, पुन्हा बांधलं, घट्ट. परत जाऊन बसली. पुन्हा बघितलं. मग उठून आली आणि माझं मनगट धरून हलवायला लागली, जसा बंद पडलेला दिव्याचा खटका आपण वरखाली करतो. म्हणाली, "आई वाजव. काकू."

मला मदत म्हणून नव्हती बांधत ती.

रविवार, २३ तारीख

रात्रभर लोळले, आज दुपारी वर गेले. धाकटी नखांतली शाई काढत बसली होती. मी सरळ तिच्यासमोर हात पुढे केला, बाही वर करून. म्हटलं, संध्याकाळी हे मी घालायचे. ठमी नाही. तास भरायला हवे होते.

तिला कळायला वेळ लागला. मग ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. ती ओरडेल म्हणून मी तयारी करून गेले होते. ओरडली असती तर मला सोपं होतं, भांडणात मी हरत नाही.

"आठवडाभर मी चपला हातात घेऊन जिना चढतेय ताई. तिला माझी चाहूल लागू नये म्हणून."

मी म्हटलं, मला काय माहीत त्या डबीने असलं काही सांगावं. मी म्हटलं, शाळा जाणार होती. मी म्हटलं, तुझा मुलगा धडधाकट आहे, तुला नाही कळायचं. बरंच बोलले. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"म्हणजे रोज संध्याकाळी मी पीठभरल्या हातांनी धावत येत होते, ती तुमच्यासाठी."

"मी कुठे बोलावलं होतं तुला?"

"बोलावलं नाहीत. वाजत होता."

आणि हसली. रडता रडता हसली. असलं बोलणं तिला जमतं, मला नाही. मी म्हटलं, इस्त्रीच्या कामाने नाडी जोरात चालते माझी, डॉक्टरला दाखवणार आहे. ती म्हणाली, दाखवा.

मग विचारलं, केंद्रात सांगणार का? सांगितलं तर ते घड्याळ नेतील आणि शुक्रवारी शाळा जाईल, हे तिलाही कळत होतं. ती म्हणाली, मी सांगणार नाही ताई, तुमची मुलगी आहे, तुम्ही ठरवा. पण सांगितलंत तरच मी तिच्यासमोर येईन, नाहीतर कागदावर मी तिला त्रास देणारी बाईच राहीन, आणि उद्या तिला काही झालं की बोट माझ्याकडे.

बरोबर बोलली. मला राग आला, बरोबर बोलली म्हणून. इतकी शहाणी आहे, म्हणूनच ठमीने तिला एक नंबर दिला असेल, हेही डोक्यात आलं आणि परत राग आला.

खाली येताना बघितलं, ठमी जिन्याच्या अर्ध्यावर येऊन बसली होती. मला जायला तिने वाट दिली नाही. मला ओलांडून वर बघत होती.

मंगळवार, २५ तारीख

केंद्रात गेले. ठमीला बरोबर नेलं. घड्याळबाईला सांगितलं, संध्याकाळचे ते सुळके माझे आहेत.

ती आधी हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. काकू, सगळे आकडे खराब झाले, आता मला वरिष्ठांना सांगावं लागेल, ठरलेले तास तर भरलेच नाहीत, घड्याळ परत मागतील ते. तिची नोकरी नवी आहे, ते मला पण दिसत होतं.

मी ठमीला विचारलं. मीच विचारलं, घड्याळबाईला विचारू दिलं नाही. तेच तीन फोटो मागून घेतले, आणि या वेळी माझा तिच्या उजव्या हाताशी ठेवला. तिने धाकटीचा उचलला. माझा त्याच्याखाली ठेवला. कडेला कड जुळवून. नंतर माझ्या फोटोवरून दोनदा बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं. त्यावर धूळ नव्हती.

म्हणून मग मी घड्याळबाईला जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाई असं बोललीच नाही.

म्हटलं, संध्याकाळचं सगळं पुसून टाक. शाळेतलं आणि दुकानातलं खरं आहे, ते ठेव, आणि तेवढ्यावर शाळेला लिहून दे, की चाललंय. चाललंच होतं, तुझ्याच रेघा सांगतात. दुकानातली रेघ सपाट आहे, त्याला गुंगी म्हणू नकोस. ती पोरगी सुखात असते तिथे, असंच लिही. घरी आल्यावर तिने घड्याळ काढलं तर ते तास मोजू नका. तू घरी जाऊन चपला काढतेस की नाही? रबर बदला. कापड चालत नसेल तर चालेल असं काहीतरी शोधा, तुमची एवढी शिकलेली माणसं बसलीत. थरथर बंद करा. हिरवा दिवा झाका. जी वस्तू अंगावर घालवत नाही, ती कितीही हुशार असली तरी कपाटातच शोभते.

एक नंबरला धाकटीचं नाव परत घाल. ठमीने तीनदा सांगितलंय, चौथ्यांदा विचारून तिचा अपमान करू नका. मी दोन नंबरला. पण धाकटीने उचललं म्हणून माझा फोन गप्प बसता कामा नये. तिचा वाजेल तेव्हा माझाही वाजला पाहिजे. मी नाही धावणार, धाकटीच धावू दे. मला फक्त कळलं पाहिजे.

ती म्हणाली, काकू, सिस्टीममध्ये तशी सोय नाही, विचारावं लागेल. म्हटलं, विचार ना मग, त्यासाठीच पगार घेतेस. शुक्रवारी सकाळी मला मोठ्या बाईंसमोर उभं राहायचंय. परवा गुरुवार. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला हो की नाही ते सांग, गोड बोलून गोल गोल फिरवू नकोस. आणि तो फोन आधी मला करायचा. धाकटीला नंतर.